द्राक्षमळ्यातील कक्षसंगीत : कॅलिफोर्नियातील उन्हाळी मैफिलींची घडण

प्रस्तावना

पाश्चात्त्य अभिजात संगीताच्या व्यवहारात उन्हाळी महोत्सवाला स्वतंत्र स्थान आहे. मोठ्या शहरांतील वाद्यवृंदांचा नियमित हंगाम जूनच्या सुमारास संपतो आणि वादक लहान गावांकडे, डोंगरांकडे, सरोवरांच्या काठी जाऊ लागतात. गेल्या साठ-सत्तर वर्षांत या ठिकाणांत द्राक्षे पिकविणाऱ्या प्रदेशांची भर पडली. उत्तर कॅलिफोर्नियातील नापा खोऱ्यात १९९५ मध्ये सुरू झालेला ‘म्युझिक इन द व्हिनयार्ड्स’ हा कक्षसंगीताचा महोत्सव त्याचे ठळक उदाहरण होय. ऑगस्ट महिन्यात, निरनिराळ्या वाइनरींच्या पिंपांच्या खोल्यांत व दिवाणखान्यांत, थोडक्या श्रोत्यांसमोर हायडन, शूबर्ट, ब्राम्स यांच्या रचना सादर होतात आणि मध्यंतरात यजमान वाइनरीची वाइन दिली जाते.

अशा मैफिलींचे वर्णन बहुधा पर्यटनाच्या भाषेत केले जाते. हिरवे मळे, मावळता सूर्य, हाती पेला आणि कानी व्हायोलिन, असे हे चित्र खोटे नाही. परंतु ते काहीच उलगडून सांगत नाही. हे संगीत नेमके येथेच का आले, ऑगस्टमध्येच का होते, त्याचा खर्च कोण सोसतो आणि खर्च सोसणारा त्याबदल्यात काय मागतो, हे प्रश्न त्यातून सुटतात. प्रस्तुत लेखात या प्रश्नांचा विचार केला आहे. या मैफिली रम्य स्थळाच्या ओढीपेक्षा शेतीचे वेळापत्रक, खोलीचा आकार आणि जमिनीचा कायदा यांच्यावर अधिक उभ्या आहेत, आणि म्हणूनच त्या वाटतात त्यापेक्षा अधिक नाजूक आहेत, असे येथे मांडावयाचे आहे.

खोलीसाठी रचलेले संगीत

कक्षसंगीत म्हणजे दोन ते आठ-नऊ वादकांनी, दिग्दर्शकाविना, प्रत्येक स्वरपंक्तीला एकच वादक या पद्धतीने वाजवावयाचे संगीत. दोन व्हायोलिन, एक व्हायोला आणि एक चेलो यांचे स्ट्रिंग क्वार्टेट हा त्याचा मध्यवर्ती प्रकार. मराठी वाचकाला बैठकीची आठवण होणे साहजिक आहे. बैठकीत गायकाचा श्वास, तबलजीची नजर, समेवर येणारी दाद हे सारे अंतराशी बांधलेले असते. तीच मैफल मोठ्या मंडपात ध्वनिक्षेपकावरून ऐकली की काहीतरी निसटते. कक्षसंगीताचेही तसेच आहे. फरक एवढाच की बैठकीतील कलावंत समोरच्या श्रोत्यांनुसार राग फुलवितो वा आवरतो. क्वार्टेटचे वादक लिखित संहितेशी बांधलेले असतात आणि त्यांचा संवाद मुख्यतः आपसांत चालतो. श्रोता तो संवाद जवळ बसून ऐकणारा तिसरा पक्ष असतो. पंधराव्या रांगेपलीकडे त्याचे हे स्थान उरत नाही.

या संगीताचा आणि यजमानाचा संबंध मुळापासूनचा आहे. योसेफ हायडन १७६१ मध्ये एस्टरहाझी घराण्याच्या सेवेत रुजू झाला. घराण्याचे एक ठाणे असलेले आयझेनश्टाट आजच्या ऑस्ट्रियाच्या बुर्गेनलांड प्रांतात, म्हणजे द्राक्षांच्याच मुलखात आहे. हायडनच्या वेतनात रोख रकमेबरोबर धान्य, जळणाची लाकडे आणि वाइन यांचाही समावेश असे. राजपुत्र निकोलाउस बॅरिटोन नावाचे, आज जवळजवळ विस्मृतीत गेलेले तंतुवाद्य वाजवीत असे. त्याच्या हौसेखातर हायडनने बॅरिटोनसाठी सव्वाशेच्या आसपास त्रिके रचली. यजमान बदलला तर वाद्य बदलते, रचना बदलते. मूळ करारानुसार आपल्या रचनांच्या प्रती इतरांना देण्याचीही हायडनला मुभा नव्हती. १७७९ च्या नव्या करारात हे बंधन गेले आणि १७८१ मध्ये त्याने आपली ओपस ३३ ही क्वार्टेट्स वर्गणीदारांना विकण्यास काढली. कक्षसंगीत दरबाराबाहेर पडून बाजारात येण्याच्या प्रवासातील हा महत्त्वाचा टप्पा होय.

बाजारात आल्यावर त्याची खोली मात्र हरवत गेली. एकोणिसाव्या शतकात सार्वजनिक सभागृहे वाढली आणि तिकिटाच्या हिशेबाने ती मोठी होत गेली. हजार-दीड हजार आसनांच्या सभागृहात चार वादकांना बसविणे व्यवहाराला धरून होते, संगीताला धरून नव्हते. विसाव्या शतकातील उन्हाळी महोत्सवांनी जे परत मिळविण्याचा प्रयत्न केला त्यात ही खोली अग्रस्थानी आहे.

महोत्सवांचे एक शुद्ध सांगीतिक कारणही आहे; त्याकडे सहसा दुर्लक्ष होते. शूबर्टच्या ‘ट्राउट’ पंचकाला (१८१९) पियानो, व्हायोलिन, व्हायोला, चेलो आणि डबल बास अशी वाद्ये लागतात. मेंडेलसोनच्या अष्टकाला (१८२५) आठ तंतुवादक लागतात. असा संच कायमस्वरूपी कोणीही बाळगत नाही. दहा-वीस वादक दोन-तीन आठवडे एका गावात राहिले, तरच अशा रचना पुरेशा तालमीनिशी ऐकावयास मिळतात. ‘ट्राउट’ हेच मुळात उन्हाळ्याच्या मुक्कामाचे अपत्य आहे. श्टायर या गावी शूबर्ट पाहुणा म्हणून गेला असता तेथील एका हौशी चेलोवादक गृहस्थाच्या सूचनेवरून त्याने ते रचले. पाहुणचाराची परतफेड म्हणून इतकी मोठी रचना क्वचितच कोणाला मिळाली असेल.

साराटोगा : आधीचा प्रयोग

द्राक्षमळ्यात कक्षसंगीत ही कल्पना नापाच्या आधी साराटोगा येथे रुजली. सॅन होजे शहराच्या पश्चिमेकडील डोंगरावर पॉल मॅसन वाइनरीची जुनी दगडी इमारत आहे. १९०६ च्या भूकंपात पडझड झालेल्या एका चर्चचे प्रवेशद्वार तिच्या दर्शनी भागात बसविलेले आहे. त्यापुढील अंगणात १९५८ पासून ‘म्युझिक अॅट द व्हिनयार्ड्स’ या नावाने उन्हाळी मैफिली सुरू झाल्या. त्यांमागे नॉर्मन फ्रॉम होते. फ्रॉम कुटुंब मूळचे जर्मनीतील फ्रांकोनिया भागातील किट्झिंगेन गावचे. वाइनचा व्यापार करणारे हे ज्यू कुटुंब नाझी राजवटीच्या काळात अमेरिकेत आले. नॉर्मन यांचे बंधू पॉल फ्रॉम यांनी शिकागो येथे वाइनचा व्यवसाय केला आणि १९५२ मध्ये फ्रॉम म्युझिक फाउंडेशन स्थापन केले. लुचानो बेरिओ यांची ‘सर्कल्स’ (१९६०) ही गायिका, हार्प आणि दोन तालवादक यांच्यासाठीची रचना या संस्थेच्या साहाय्यातूनच निर्माण झाली. वाइनच्या नफ्यातून अतिशय अवघड, विक्रीच्या दृष्टीने निरुपयोगी असे नवे संगीत उभे राहिले, हे विसरता कामा नये. व्यापारी यजमान नेहमी सोपेच मागतो, या समजुतीला हा चांगला अपवाद आहे.

तथापि साराटोगाची पुढची कथा वेगळ्या दिशेने गेली. ज्या सांता क्लारा खोऱ्याकडे ही वाइनरी पाहते, ते एकेकाळी फळबागांचे आणि द्राक्षांचे खोरे होते. संगणक उद्योगाच्या वाढीबरोबर तेथील जमीन शेतीच्या आवाक्याबाहेर गेली. पॉल मॅसन कंपनीनेही ही जागा सोडली. आज ‘माउंटन वायनरी’ या नावाने ती ओळखली जाते आणि तेथे अडीच हजारांच्या आसपास प्रेक्षक बसू शकतील असे खुले रंगमंदिर आहे. तेथे मुख्यतः लोकप्रिय संगीताचे कार्यक्रम होतात. त्यात गैर काही नाही. पण क्रम ध्यानात घ्यावा : आधी वाइनउद्योग मागे सरला, मग जागेने स्वतःचे उत्पन्न शोधले, आणि ते उत्पन्न देण्याची ताकद चार वादकांत नव्हती.

नापा : जमीन, कायदा आणि महोत्सव

नापा खोरे सुमारे ४८ किलोमीटर लांबीचे, अरुंद आहे. कॅलिफोर्नियात होणाऱ्या वाइनपैकी जेमतेम चार टक्के वाइन तेथे तयार होते. किमतीच्या व प्रतिष्ठेच्या मानाने मात्र हा प्रदेश अग्रगण्य आहे. २४ मे १९७६ रोजी पॅरिस येथे झालेल्या, नावे झाकून घेतलेल्या चाचणीत ‘स्टॅग्ज लीप’ची १९७३ ची लाल वाइन आणि ‘शाटो मॉन्टेलेना’ची त्याच वर्षाची पांढरी वाइन फ्रेंच वाइनपेक्षा सरस ठरली, तेव्हापासून या खोऱ्याचे नाव सर्वतोमुखी झाले.

संगीताच्या दृष्टीने मात्र १९७६ पेक्षा १९६८ हे वर्ष महत्त्वाचे आहे. त्या वर्षी नापा काउंटीने खोऱ्यातील जमिनीसाठी कृषिराखीव क्षेत्राचा नियम केला. वीस एकरांहून लहान तुकडे पाडण्यास बंदी आली. पुढे ही मर्यादा चाळीस एकर झाली. अमेरिकेतील अशा प्रकारचा हा पहिलाच नियम मानला जातो. सॅन फ्रान्सिस्कोहून दीड तासाच्या अंतरावर असूनही खोऱ्याचे उपनगर झाले नाही, ते मुख्यतः यामुळे. १९९० च्या नियमाने वाइनरी म्हणजे काय याचीच व्याख्या केली. नव्या वाइनरीने पंचाहत्तर टक्के द्राक्षे नापाचीच वापरावीत हे त्यातील प्रसिद्ध कलम. याच नियमाने वाइनरीतील समारंभांवरही मर्यादा घातली. वाइनरी ही आधी वाइन करण्याची जागा आहे आणि तेथे होणारे कार्यक्रम त्या मूळ कामाला दुय्यम असले पाहिजेत, ही त्यामागील दृष्टी. २०१० मध्ये हे नियम काहीसे सैल करण्यात आले, तरी कोणत्या वाइनरीत वर्षाला किती कार्यक्रम व किती पाहुणे, हे आजही परवान्यात नमूद असते.

हा निर्बंध सांस्कृतिक उपक्रमांना मारक वाटणे स्वाभाविक आहे. स्थानिक वाइनरीचालकांनी त्याबद्दल वेळोवेळी कुरकुर केली आहे. परंतु साराटोगाशी तुलना केली असता उलट बाजू दिसते. मोठे रंगमंदिर बांधून रोज रात्री कार्यक्रम करणे नापातील वाइनरीला सहजासहजी शक्य नाही. लहान जागेत, मोजक्या पाहुण्यांसाठी, वर्षातून एखाद-दोन वेळा होणारा कार्यक्रम मात्र या चौकटीत बसतो. आणि कक्षसंगीताला नेमके तेवढेच हवे असते. कायदा करणाऱ्यांच्या मनात संगीत मुळीच नव्हते. तरीही संगीताला अनुरूप खोली राखण्याचे काम काही अंशी त्या कायद्याने केले.

रॉबर्ट मोंडावी यांनी १९६६ मध्ये ओकव्हिल येथे वाइनरी उभारली. तेथे मार्ग्रिट बीव्हर (पुढे मोंडावी) यांनी १९६९ मध्ये उन्हाळी मैफिली सुरू केल्या. खोऱ्यातील वाद्यवृंदाला निधी मिळावा हा त्यांचा एक हेतू होता. या मैफिली हिरवळीवर होत आणि त्यांत जॅझचे प्रमाण मोठे असे. वाइनरी म्हणजे संगीत ऐकण्याची जागा, ही सवय त्यांनी लावली. त्यानंतर सव्वीस वर्षांनी मायकेल अॅडम्स आणि डारिया अॅडम्स या वादक दांपत्याने ‘म्युझिक इन द व्हिनयार्ड्स’ सुरू केला. मायकेल मिनेसोटा ऑर्केस्ट्राचे व्हायोलावादक, तर डारिया सेंट पॉल चेंबर ऑर्केस्ट्राच्या व्हायोलिनवादक. म्हणजे महोत्सवाचे बीज वाइनउद्योगातले नव्हे, वादकांच्या सुट्टीतले होते. २००६ मध्ये सुरू झालेला आणि आज ‘फेस्टिव्हल नापा व्हॅली’ या नावाने चालणारा जुलैमधील महोत्सव मोठे वाद्यवृंद, नामवंत गायक आणि भोजनसमारंभ यांचा आहे. त्याची जातकुळी निराळी.

ऑगस्टच का?

मळ्याच्या वर्षात जुलैअखेर ते ऑगस्टमध्यापर्यंतचा काळ चमत्कारिक शांततेचा असतो. आपल्याकडील बागायतदार ज्याला ‘मण्यात पाणी उतरणे’ म्हणतात ती अवस्था नापात याच सुमारास येते. मणी मऊ होतात, काळ्या जातींना रंग चढतो, साखर वाढू लागते. विरळणी, पानांची काढणी यांसारखी बरीच कामे आटोपलेली असतात. तोडणीला अजून काही आठवडे असतात. स्पार्कलिंग वाइनसाठीची द्राक्षे तेवढी ऑगस्टच्या सुरुवातीलाच तोडली जातात. तळघरांत आधीच्या हंगामाची वाइन पिंपांत मुरत असते, आणि नव्या रसाची गडबड सुरू झालेली नसते.

एकदा तोडणी सुरू झाली की चित्र पालटते. रात्री दिव्यांच्या उजेडात तोडणी, पहाटे ट्रॅक्टर, दिवसभर घड मोकळे करणारी यंत्रे, आंबवणीच्या टाक्या थंड राखणारे कॉम्प्रेसर, जमिनीवर सतत पाणी. शिवाय आंबताना रसातून कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. हा वायू हवेपेक्षा जड असल्याने बंदिस्त तळघरात खाली साठतो आणि जिवावर बेतू शकतो. अशा जागी दीडशे पाहुण्यांना बसविणे अशक्यच. वाद्यवृंदांचा नवा हंगाम सप्टेंबरात सुरू होतो. तेव्हा वादकांची रजा संपण्यापूर्वीचे आणि तोडणीचा भर येण्यापूर्वीचे हे दोन-तीन आठवडे एकमेकांवर येतात. महोत्सव त्या फटीत बसविलेला आहे.

तुलनेसाठी नाशिककडे पाहता येईल. राजीव सामंत यांनी कॅलिफोर्नियातील नोकरीनंतर नाशिकला येऊन ‘सुला’ची स्थापना केली आणि सोनोमा येथील वाइनतज्ज्ञ केरी डॅम्स्की यांचे साहाय्य घेतले, म्हणजे नाशिकच्या वाइनची एक नाळ याच मुलखाशी जोडलेली आहे. २००८ पासून तेथे ‘सुलाफेस्ट’ होऊ लागला. पण नाशिकमध्ये छाटण्या एप्रिल व ऑक्टोबरमध्ये होतात आणि वाइनची द्राक्षे जानेवारी ते मार्चमध्ये तोडली जातात. तेथील महोत्सव म्हणूनच हिवाळ्याच्या अखेरीस, ऐन तोडणीच्या दिवसांत आणि खुल्या रंगमंचावर भरविला गेला. त्याचे संगीतही ध्वनिवर्धकाचे, गर्दीचे असते. एकाच पिकाचे वेळापत्रक फिरले की उत्सवाचा प्रकार कसा फिरतो, याचे हे बोलके उदाहरण मानावे लागेल.

पिंपांच्या खोलीतील ध्वनी

वाइनरीची खोली संगीतासाठी बांधलेली नसते. काँक्रीटची जमीन, दगडी वा काँक्रीटच्या भिंती, उंच छत. हे सारे ध्वनी परत फेकणारे पृष्ठभाग आहेत. हार्वर्डचे वॉलेस सबाइन यांनी १९०० च्या सुमारास मांडलेल्या सूत्रानुसार खोलीतील निनादाचा काळ तिच्या घनफळाच्या सम आणि एकूण ध्वनिशोषणाच्या व्यस्त प्रमाणात असतो. वीस मीटर लांब, बारा मीटर रुंद आणि सहा मीटर उंच अशी एक काल्पनिक खोली घेतली, तर तिचे घनफळ १४४० घनमीटर आणि सर्व पृष्ठभागांचे क्षेत्रफळ ८६४ चौरस मीटर होते. हे पृष्ठभाग सरासरी चार टक्केच ध्वनी शोषतात असे धरल्यास निनाद साडेसहा सेकंदांहून अधिक टिकेल. एवढ्या घुमाऱ्यात द्रुत लयीतील क्वार्टेट म्हणजे नुसता कालवा. आता तेथे दीडशे माणसे बसविली आणि प्रत्येक माणूस अर्धा चौरस मीटर शोषक पृष्ठभागाइतके काम करतो असे मानले, तर निनाद सुमारे दोन सेकंदांवर येतो. कक्षसंगीताला दीड सेकंदाच्या आसपासचा निनाद मानवतो. म्हणजे या खोलीत श्रोता हा नुसता ऐकणारा नसतो, तो खोलीच्या रचनेचा भाग असतो. सकाळी रिकाम्या खोलीत झालेल्या तालमीवरून संध्याकाळचा अंदाज बांधणारा वादक हमखास फसतो.

पिंपांचे काम निराळे आहे. भरलेले ओकचे पिंप ध्वनी फारसा शोषत नाही. परंतु २२५ लिटरच्या पिंपांच्या एकावर एक रचलेल्या रांगा म्हणजे फुगीर पृष्ठभागांची भिंतच असते. सपाट भिंत ध्वनी एकाच दिशेने परतविते. फुगीर पृष्ठभाग तो अनेक दिशांना विखुरतो. त्यामुळे तीव्र प्रतिध्वनी टळतो आणि स्वराला भरीवपणा येतो. आधुनिक सभागृहांत यासाठी मुद्दाम विखुरक फळ्या लावतात. येथे ते काम वाइन मुरता मुरता फुकट होते.

अडचणी मात्र सांगितल्या पाहिजेत. डोंगरात खणलेली तळघरे ही नापाची जुनी ओळख. १८६२ मध्ये स्थापन झालेल्या श्रॅम्सबर्ग वाइनरीची तळघरे चिनी मजुरांनी हाताने खणली. अशा तळघरांत तापमान बारमाही तेरा ते पंधरा अंश सेल्सिअसच्या आसपास आणि हवा दमट असते. पिंपांतून वाइनचे बाष्पीभवन कमी व्हावे म्हणून वाइनरीला ही आर्द्रता हवीच असते. व्हायोलिनच्या स्प्रूस व मेपल लाकडाला मात्र चाळीस ते साठ टक्के आर्द्रता मानवते. त्याहून दमट हवेत लाकूड फुगते, खुंट्या अडकतात, आतड्याच्या तारांचा स्वर हलतो. पियानोची गोष्ट तर त्याहून वाईट. बाहेर ऑगस्टचे तीस अंशांवरचे कोरडे ऊन आणि आत ही थंड ओल. एका दारातून वाद्य आत आणले की सूर लावण्याचे काम पुन्हा पहिल्यापासून.

हिशेब

अर्थशास्त्रज्ञ विल्यम बॉमोल यांनी १९६६ मध्ये विल्यम बोवेन यांच्यासह प्रयोगकलांच्या अर्थकारणावर ग्रंथ लिहिला आणि १९६७ च्या लेखात हाच विचार व्यापक केला. पाच वादकांचे अर्ध्या तासाचे पंचक वाजवावयास अडीच मनुष्यतास लागतात. दोनशे वर्षांपूर्वीही तेवढेच लागत. कारखान्यातील उत्पादकता वाढते तशी तेथील मजुरी वाढते, आणि तिच्याबरोबर वादकाचा मोबदलाही वाढवावा लागतो. वादन मात्र लवकर उरकता येत नाही. परिणामी मैफिलीचा सापेक्ष खर्च चढत जातो. मोठ्या सभागृहात हा खर्च दोन हजार तिकिटांवर वाटता येतो. दीड-दोनशे आसनांच्या खोलीत तो वाटून संपत नाही.

वाइनही घाईला दाद देत नाही. नापाची काबर्ने दीड ते दोन वर्षे ओकच्या पिंपात राहते. फरक असा की वाइन साठविता येते, तिच्या हजारो बाटल्या भरता येतात आणि दुर्मीळपणाबरोबर तिची किंमत वाढते. मैफल त्याच रात्री संपते. म्हणून दोन संथ वस्तूंपैकी जी साठविता येते तिने जी साठविता येत नाही तिला हात द्यावा, अशी ही व्यवस्था आहे. जागा आणि वाइन यजमानाकडून, काही भाग तिकिटांतून आणि उरलेला देणगीदारांकडून, असे ना-नफा तत्त्वावरील महोत्सवांचे सर्वसाधारण स्वरूप असते. अमेरिकेत अशा देणग्यांना करसवलत असल्याने त्या खर्चाचा एक अंश अप्रत्यक्षपणे सरकारही उचलते.

यजमानाला काय मिळते? १९३३ मध्ये दारूबंदी उठल्यानंतर अमेरिकेत उत्पादक, घाऊक व्यापारी आणि किरकोळ विक्रेता अशी त्रिस्तरीय पद्धत आली. लहान वाइनरीला घाऊक व्यापारी मिळणे कठीण आणि मिळाला तर नफ्याचा मोठा वाटा त्याचा. २००५ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ग्रॅनहोम विरुद्ध हील्ड या खटल्यात परराज्यांतील वाइनरींशी भेदभाव करणारे नियम अवैध ठरविले आणि ग्राहकाला थेट वाइन पाठविण्याचा मार्ग रुंदावला. तेव्हापासून दारात आलेल्या एका पाहुण्याचे मोल वाढले. मध्यंतरात पेला घेणारा श्रोता पुढे वाइनरीचा सभासद होऊन दरवर्षी काही बाटल्या मागवील, ही अपेक्षा उघड असते. तिच्याबद्दल नाक मुरडण्याचे कारण नाही. हायडनच्या राजपुत्राची अपेक्षा याहून पुष्कळ अधिक होती.

प्रश्न कार्यक्रमाच्या निवडीचा आहे. वाइनरीचा पाहुणा प्रसन्न मनाने घरी जावा असे यजमानाला वाटत असेल, तर शोस्ताकोविचचे आठवे क्वार्टेट (१९६०) त्याला परवडेल काय? कक्षसंगीताचा बराच गाभा काळोखा, अवघड आणि आतल्या गाठीचा आहे. तो वगळून नुसते गोड मधले भाग वाजविले, तर ते संगीत पेल्याची सोबत होऊन राहते. संयोजन वादकांच्या हाती राहणे याच कारणासाठी निर्णायक ठरते. एकच यजमान नसून प्रत्येक मैफिलीला नवा यजमान असणे हेही अप्रत्यक्ष संरक्षण आहे. राजपुत्र एकच असला तर बॅरिटोन वाजवावा लागतो; यजमान अनेक असले तर कोणाचीच आवड कार्यक्रमपत्रिकेवर स्वार होऊ शकत नाही.

दुसरी उणीव अधिक बोचणारी आहे. नापा काउंटीच्या लोकसंख्येत एक तृतीयांशाहून अधिक लोक लॅटिनो वंशाचे आहेत आणि मळ्यांतील कष्टाची कामे प्रामुख्याने त्यांच्यातीलच लोक करतात. मळामालकांनी एकरी कर स्वतःवर लावून घेऊन मजुरांच्या निवासासाठी निधी उभा केला, ही या खोऱ्याची स्तुत्य परंपरा आहे. पिंपांच्या खोलीतील खुर्च्यांपर्यंत मात्र ती पोहोचलेली नाही. तिकिटाची किंमत हे एक कारण. ते एकमेव आहे असे मानणे भाबडेपणाचे होईल.

आग

ऑक्टोबर २०१७ मध्ये नापा व सोनोमा भागांत प्रचंड वणवे पेटले. तोडणी बहुतांशी झालेली होती आणि महोत्सवांचा काळ उलटला होता. २०२० साली ही सवलत मिळाली नाही. त्या वर्षी साथीमुळे मैफिली आधीच थांबल्या होत्या. १७ ऑगस्टला विजा पडून एलएनयू नावाने ओळखला गेलेला वणव्यांचा समूह पेटला, आणि २७ सप्टेंबरला ग्लास वणव्याने खोऱ्यातील काही वाइनरी जाळल्या. आगीइतकेच नुकसान धुराने केले. धुरातील ग्वायकॉलसारखी फिनॉल संयुगे द्राक्षाच्या सालीतून आत शिरतात, साखरेशी बांधली जातात आणि आंबवणीत मोकळी होऊन वाइनला राखेची चव देतात. मण्यात पाणी उतरल्यापासून तोडणीपर्यंतचा काळ यासाठी सर्वाधिक धोक्याचा. अनेक वाइनरींनी त्या वर्षाची लाल वाइन काढलीच नाही.

ज्या शांत आठवड्यांवर महोत्सव उभा आहे तेच हे आठवडे. उष्णता वाढते तशी तोडणी अलीकडे सरकते आणि फट अरुंद होते. दुसरीकडे त्याच दिवसांत वणव्याचा धोका आहे. यजमानाची परिस्थितीही पूर्वीसारखी नाही. अमेरिकेत वाइनचा खप उतरला असून कॅलिफोर्नियाचा २०२४ चा द्राक्षहंगाम सुमारे वीस वर्षांतील सर्वांत लहान ठरला. धुराच्या दिवसांत दारे मिटून बसता येईल आणि बाहेरच्या उष्म्यातही थंड राहील अशी जागा म्हणजे डोंगरातील तळघर. वाइनरींच्या नकाशावर मैफिलीसाठी तीच आता सर्वांत सुरक्षित खोली ठरते, आणि व्हायोलिनच्या लाकडासाठी सर्वांत वाईट खोलीही तीच आहे.